बॅटमॅनने जीव घेतलाय का? मूळ अंकातून कसं पडताळायचं

बॅटमॅन माणूस मारत नाही, हे वाक्य इतकं रुळलंय की ते तपासावं असं कुणाला वाटत नाही. उलट बाजूचे लोक कॉमिकमधली एखादी चौकट कापून फोनवर फिरवतात आणि त्याला थेट खुनी ठरवतात. चूक दोघांची सारखीच आहे: अंक कुणीच उघडलेला नसतो. खरं उत्तर असं की त्याने जीव घेतला आहे, आणि तोही अगदी पहिल्या कथेत. पण हे उत्तर अंक क्रमांकाशिवाय द्यायचं नसतं.

आधी वहीत किंवा एक्सेलमध्ये सहा रकाने आखा: अंक आणि महिना, पान व चौकट, बळी कोण, साधन काय, हेतू दिसतो का, आणि हा बॅटमॅन कुठल्या विश्वातला (एकाच पात्राच्या वेगवेगळ्या समांतर कथाविश्वांत वेगळ्या आवृत्त्या असतात). शेवटचा रकाना सोडला तर बाकीची मेहनत पाण्यात जाते.

सुरुवात 1939 पासून करा. मूळ प्रती संग्राहकांच्या तिजोरीत असतात, पण पुनर्मुद्रणात सगळं मिळतं. ‘बॅटमॅन: द गोल्डन एज’चा पहिला खंड घेतलात तर 1939-40 चे अंक ओळीने हाताशी येतात. महिना लिहिताना मुखपृष्ठावरचा लिहा. अंक त्याआधीच विक्रीला यायचे, म्हणून दोन ठिकाणी दोन तारखा दिसल्या तर गोंधळू नका.

आता बॅटमॅनची पहिली कथा: डिटेक्टिव्ह कॉमिक्स 27, मे 1939. कथा फक्त सहा पानांची. शेवटी खलनायक स्ट्रायकर पिस्तूल काढतो, बॅटमॅन त्याला ठोसा मारतो, कठडा तुटतो आणि माणूस ॲसिडच्या टाकीत पडतो. इथे थांबून पुढचं वाक्य वाचा. असल्या माणसाला हाच शेवट शोभतो, असं बॅटमॅन म्हणतो. ठोसा जीव घेण्यासाठी होता का, हे चित्रावरून ठरत नाही; पण वाईट वाटल्याची एक रेघही चेहऱ्यावर किंवा संवादात नाही. म्हणून नोंद अशी करा: ‘मृत्यू त्याच्या हातून, हेतू अस्पष्ट, पश्चात्ताप नाही’. याच कथेत तो एका गुंडाला छपरावरून फेकतो. खाली पडल्यावर त्याचं काय झालं ते दाखवलेलं नाही, तेव्हा तिथे ‘मेला’ लिहू नका.

याच मालिकेचा अंक 30 (ऑगस्ट 1939) इतका संदिग्ध नाही. बॅटमॅनच्या लाथेने मिखाइल नावाच्या गुंडाची मान मोडते आणि चौकटीतलं निवेदन ते शब्दांत सांगतं. निवेदनाची पिवळी पट्टी काय सांगते आणि पात्राच्या फुग्यात काय आहे, हे नेहमी वेगळं ठेवा. पट्टी कथेची साक्ष देते, फुग्यातलं पात्र खोटंही बोलू शकतं.

अंक 32 (ऑक्टोबर 1939) मध्ये तो चांदी वितळवून गोळ्या बनवतो आणि शवपेट्यांत झोपलेल्या मंक आणि डालावर पिस्तूल झाडतो. हेतू शंभर टक्के. मात्र बळी रक्तपिपासू पिशाच्चं आहेत, त्यामुळे ‘बळी कोण’ हा रकाना इथे कामाला येतो. पिशाच्च, यंत्रमानव, परग्रहावरचे देव यांना माणसांच्या बेरजेत धरायचं की नाही, ते आधीच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. अर्ध्यावर नियम बदलला की यादी हवी तशी वाकते.

सगळ्यात महत्त्वाचा अंक बॅटमॅन 1, वसंत 1940. खलनायक ह्यूगो स्ट्रेंजच्या राक्षसी माणसांना घेऊन निघालेल्या ट्रकवर बॅटमॅन विमानातून मशीनगन चालवतो. मनुष्यजीव घेणं आवडत नसलं तरी या वेळी ते भाग आहे, असं तो स्वतः म्हणतो. मग त्यातल्या एका राक्षसाच्या गळ्यात विमानातून दोर टाकून त्याला फासावर लटकवतो. हेतू, साधन, कबुली, सगळं एकाच कथेत. यानंतरच संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बंदूक आणि हत्या बंद करायला लावली. बॅटमॅन 4 (हिवाळा 1941) मध्ये तो रॉबिनला आठवण करून देतो की आपण शस्त्राने कधीच मारत नाही. म्हणजे नियम आई-वडिलांच्या खुनाबरोबर जन्माला आला नाही, संपादकाच्या टेबलावरून आला. आम्हाला यात कमीपणा वाटत नाही. उलट त्या निर्णयानेच पुढचा बॅटमॅन घडला.

इथून पुढे ‘विश्व’ हा रकाना नीट भरा. 1939 चा बॅटमॅन त्याची प्रकाशक कंपनी डीसीने नंतर ‘दुसऱ्या पृथ्वी’चा, म्हणजे समांतर विश्वातला, धरला आणि 1979 मध्ये ॲडव्हेंचर कॉमिक्स 462 मध्ये त्याला मारलंही. 1985-86 च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ने पृथ्व्या एकत्र केल्या. ‘एल्सवर्ल्ड्स’चा, म्हणजे मुख्य मालिकेबाहेरच्या कल्पित कथांचा, शिक्का असलेली पुस्तकं वेगळ्या पानावर लिहा. 1994 च्या ‘ब्लडस्टॉर्म’मध्ये पिशाच्च झालेला बॅटमॅन जोकरला मारतो, पण ती मुख्य कथामालिका नाही. सिनेमे तर या वहीत येऊच देऊ नका.

अर्धवट प्रसंगांत लोक हमखास अडखळतात. बॅटमॅन 420 (जून 1988) मध्ये तो केजीबीस्ट नावाच्या मारेकऱ्याला जमिनीखालच्या खोलीत कोंडून निघून जातो. तेवढाच अंक वाचला तर उपासमारीने मरायला सोडल्यासारखंच दिसतं. नंतरच्या कथेत पोलिसांना कळवल्याचं सांगितलं आणि केजीबीस्ट जिवंत परतला. म्हणून संशयाच्या नोंदीपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह ठेवा आणि त्या पात्राचं पुढचं दर्शन शोधा. ‘द किलिंग जोक’च्या (1988) शेवटच्या पानावर हसणं थांबतं, फक्त पाऊस उरतो, बॅटमॅनने जोकरचा गळा दाबला असं वाचणारे आहेत. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘अ डेथ इन द फॅमिली’त जोकर जिवंत आहे, तेव्हा मुख्य मालिकेपुरतं ते प्रश्नचिन्ह पुसता येतं.

शेवटची अवघड नोंद ‘फायनल क्रायसिस’ 6 ची, 2009. बॅटमॅन परग्रहावरच्या दुष्ट देवावर, डार्कसाइडवर, रेडिऑन या देवांना घातक पदार्थाची गोळी झाडतो आणि बंदुकीबाबतची शपथ आयुष्यात एकदाच मोडतोय असं बजावतो. बळी देव आहे, हेतू उघड आहे. आणि ते ‘एकदाच’ खरं मानायचं असेल, तर अंक 32 मधलं पिस्तूल दुसऱ्या पृथ्वीच्या पानावरच लिहिलेलं असायला हवं.