परदेशी विद्यापीठासोबत गावात अभ्यास सुरू करण्याआधी

करारमदाराचं नंतर बघू, असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. नमुने कुठे ठेवायचे, माहिती कोणाच्या ताब्यात राहणार आणि शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं, हे संबंध गोड आहेत तोवरच लेखी ठरवून घ्या. मग संस्थेच्या एथिक्स कमिटीची (नैतिकता समितीची) मंजुरी, आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे अर्ज, आणि औषधाची चाचणी असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआय या देशाच्या औषधचाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी. एफसीआरएचं, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याचं काम अकाउंट्सवाल्यांकडे द्या, पण त्यांच्या मागे लागत राहा.

खरा वेळ मोजमापाच्या तयारीला द्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठासोबत १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला, डॉ. चित्तरंजन याज्ञिक इकडून, डॉ. कॅरोलिन फॉल तिकडून. इथली बाळं सरासरी २.७ किलोची भरली, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पोट, दंड सगळंच बारीक, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. भारतीयांना मधुमेह लवकर का गाठतो, या चर्चेत ही बाळं तेव्हापासून आहेत. चरबीतला हा फरक अगदी बारीक, म्हणजे दोन्ही देशांत कॅलिपर (कातडीची घडी मोजायचा चिमटा) सारखाच धरला गेला नाही तर सगळंच मुसळ केरात. म्हणून एकच बाळ मोजमाप घेणाऱ्या दोघींनी वेगवेगळं मोजायचं, आकडे एकमेकींना न दाखवता लिहायचे आणि मग ताडून बघायचे. खांद्याच्या फऱ्याखाली नेमकी कुठली जागा, हे पेनने खूण करून शिकवा. वजनकाट्यावर रोज सकाळी ठरावीक वजन ठेवून तपासा.

बाळ जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत गाठायचं असेल, तर नोंदवहीत बाळंतपणाच्या तारखेशेजारी माहेरच्या गावाचा रकाना हवाच. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि तुमची टीम सासरच्या दारात उभी राहते. हे साउदॅम्प्टनहून कोणी सुचवणार नाही.

संमतीपत्र मराठीत करून घ्या आणि आशाताईंकडून मोठ्याने वाचून घ्या. त्या जिथे अडखळतील तिथे वाक्य बदला. अंगठा लावणाऱ्या बाईसाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो, सासूबाई त्यात धरू नका. भेटीच्या वेळा खुरपणी, कांदाकाढणी आणि गावची जत्रा बघून ठरवा. गुरुवारी वीज जाते, तेव्हा नमुन्यांच्या फ्रीजरला जनरेटर, आणि डिझेल कोण भरणार तेही.

एक शेवटचं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली आलं, तर अहवाल तयार होईपर्यंत थांबायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा नंबर प्रत्येक फॉर्मच्या वरच छापा, आणि त्याच दिवशी गाडी कोणाची जाणार हे आधी विचारून ठेवा.