कार्बोनेट आयनातला दुहेरी बंध नेमका कुठे असतो? रेझोनन्स समजून घेण्याची रीत

कागद-पेन्सिल जवळ घ्या. एकच रेणू किंवा आयन दाखवायला एका रचनेऐवजी अनेक रचना काढाव्या लागतात, तो रेझोनन्स, म्हणजे पुस्तकी मराठीत संस्पंदन. तो नुसतं वाचून कळत नाही, रचना स्वतः काढल्या की कळतो. आपण कार्बोनेट आयन घेऊ.

आधी संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे अणूच्या सगळ्यात बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन, मोजा. कार्बनचे ४, तीन ऑक्सिजनचे मिळून १८ आणि आयनावर उणे दोन प्रभार आहे म्हणून आणखी २. झाले २४. प्रभाराचे इलेक्ट्रॉन विसरले की पुढचं सगळं गणित चुकतं. ऋण प्रभार असेल तर तेवढे मिळवायचे, धन असेल तर वजा करायचे.

मग सांगाडा काढा. कार्बन मध्ये, भोवती तीन ऑक्सिजन, तीन एकेरी बंध. यात ६ इलेक्ट्रॉन गेले. उरलेले १८ ऑक्सिजनवर वाटले की प्रत्येकाला तीन एकाकी (बंधात नसलेल्या) जोड्या मिळतात आणि त्यांची अष्टकं, म्हणजे भोवतीचे आठ इलेक्ट्रॉन, पुरी होतात. कार्बनभोवती मात्र सहाच राहतात. म्हणून एका ऑक्सिजनची एक जोडी बंधात आणायची आणि तिथे दुहेरी बंध करायचा.

इथे जरा थांबा. तुम्ही कोणत्या ऑक्सिजनची जोडी घेतली? वरच्या, डावीकडच्या की उजवीकडच्या? तिघेही सारखेच आहेत, त्यामुळे यातला अमुकच निवडावा असं कारण कुठेच नाही. अशी निवड करावी लागली, की रेझोनन्स आलाच म्हणून समजा.

आता उरलेल्या दोन रचना काढायच्या. नियम एकच, पण कडक: अणू जागचे हलवायचे नाहीत, हलतात ते फक्त एकाकी जोड्यांमधले आणि दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन. उणे प्रभार असलेल्या ऑक्सिजनच्या एका जोडीपासून कार्बनकडे वक्र बाण काढा. त्याच वेळी जुन्या दुहेरी बंधातली एक जोडी तिच्या ऑक्सिजनकडे वळवा. दुसरा बाण राहून गेला तर कार्बनभोवती दहा इलेक्ट्रॉन होतात आणि रचना बाद होते. तिन्ही रचना शेजारी शेजारी मांडून मध्ये दोन टोकांचा एकच बाण काढा. समतोलासाठी वापरतात तशी उलटसुलट बाणांची जोडी इथे चालत नाही, कारण तिचा अर्थ अगदी वेगळा होतो.

खरा गोंधळ होतो तो इथेच. कार्बोनेट या तीन रचनांमध्ये उड्या मारत नाही. आत्ता दुहेरी बंध इकडे, पुढच्या क्षणी तिकडे, असं काही घडत नाही. आयन एकच आहे आणि कायम तसाच आहे. एका चित्रात तो मावत नाही, ही आपल्या रेघांची मर्यादा. लायनस पॉलिंग यांनी १९३० च्या दशकात ही कल्पना पुढे आणली, पण ‘रेझोनन्स’ या नावातच हलण्याचा भास आहे आणि तो विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं चकवतो.

पुरावा हवा असेल तर बंधांच्या लांब्या पाहा. कार्बन-ऑक्सिजनचा एकेरी बंध मिथेनॉलमध्ये सुमारे १४३ पिकोमीटर, तर फॉर्मल्डिहाइडमधला दुहेरी बंध सुमारे १२१. कार्बोनेटमध्ये एक आखूड आणि दोन लांब बंध मिळायला हवे होते. प्रत्यक्षात तिन्ही सारखे भरतात, सुमारे १२९ पिकोमीटर, आणि त्यांच्यामधले कोन १२० अंशांचे. कार्बन आणि तिन्ही ऑक्सिजन यांची पी-ऑर्बिटलं (इलेक्ट्रॉन असण्याच्या डमरूसारख्या आकाराच्या जागा) एकमेकांना समांतर असतात आणि सहा इलेक्ट्रॉन या चारही अणूंवर पसरलेले असतात. बाँड ऑर्डर, म्हणजे दोन अणूंमध्ये सरासरी किती बंध, काढणंही सोपं आहे: चार बंध तीन जागांत वाटले, म्हणजे प्रत्येकी ४/३. प्रभारही तसाच वाटला जातो, प्रत्येक ऑक्सिजनला उणे २/३.

सगळ्या रचनांना नेहमी सारखंच वजन असतं असं मात्र नाही. सायनेट आयन घ्या: नायट्रोजन, कार्बन, ऑक्सिजन एका ओळीत, १६ इलेक्ट्रॉन. इथे फॉर्मल चार्ज काढावाच लागतो: अणूचे मूळ संयुजा इलेक्ट्रॉन, वजा एकाकी जोड्यांमधले इलेक्ट्रॉन, वजा बंधांमधल्या इलेक्ट्रॉनचे निम्मे. नायट्रोजनशी तिहेरी बंध असलेल्या रचनेत उणे एक ऑक्सिजनवर येतो, दोन दुहेरी बंधांच्या रचनेत तो नायट्रोजनवर येतो. ऑक्सिजन जास्त विद्युतऋण, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वतःकडे जास्त ओढणारा, म्हणून पहिलीचं वजन जास्त. ऑक्सिजनशी तिहेरी बंध काढला तर नायट्रोजनवर उणे दोन आणि ऑक्सिजनवर अधिक एक येतो. तिचा वाटा नगण्य.

अमोनियममध्ये रेझोनन्स शोधू नका. त्याचे आठही इलेक्ट्रॉन चार एकेरी बंधांत गुंतलेले असतात, हलवायला काही शिल्लकच नसतं.

इलेक्ट्रॉन पसरल्याने काय साधतं, तेही पाहू. प्रोटॉन सोडल्यावर इथेनॉलचा ऋण प्रभार एकाच ऑक्सिजनवर अडकतो, ॲसेटिक आम्लाचा मात्र दोन ऑक्सिजनवर वाटला जातो आणि उरलेला ॲसेटेट आयन स्थिर होतो. पीकेए हा आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र. इथेनॉलचा पीकेए सुमारे १६, ॲसेटिक आम्लाचा ४.७६. या अकरा घरांच्या फरकात प्रभाराच्या अशा पसरण्याचा मोठा वाटा आहे.

आता नायट्राइट स्वतः काढा. १८ इलेक्ट्रॉन, मध्ये नायट्रोजन, त्याच्यावर एक एकाकी जोडी. रचना दोन आल्या आणि बाँड ऑर्डर दीड आली, तर तुमची रीत बरोबर आहे.