जेवणानंतर पोट फुगत असेल तर: पाचक गोळी घेण्याआधी घरी काय तपासावे

जेवणानंतर पोट गच्च होणे, ढेकर अडून राहणे आणि संध्याकाळपर्यंत वायू सरत राहणे, या सगळ्याला आपण सरसकट 'गॅस झाला' असे म्हणतो आणि औषधाच्या दुकानातून पाचक गोळ्या किंवा सिरप घेऊन येतो. ती गोळी एखाद्याला लागू पडते आणि दुसऱ्याला मुळीच पडत नाही, कारण प्रत्येक विकर, म्हणजे एन्झाइम, ठरावीक प्रकारच्या पदार्थावरच काम करते. पिष्ट फोडणारे विकर दुधातल्या साखरेला हात लावत नाही आणि प्रथिने फोडणाऱ्या विकराचा कडधान्यांच्या वायूशी काही संबंध नसतो. म्हणून आपल्याला नेमके काय पचत नाही ते आधी शोधावे. हा शोध घरच्या घरी घेता येतो आणि कोकणातल्या जेवणाच्या बाबतीत तो फारसा अवघड नाही.

पहिली पायरी: पोट किती वेळाने फुगते ते लिहून ठेवावे

दोन आठवडे एका वहीत जेवणाची वेळ, ताटातले पदार्थ, पोट फुगल्याची वेळ आणि शौचाला साफ झाली की नाही, एवढ्याच गोष्टी लिहाव्यात. जेवताना किंवा त्यानंतर अर्ध्या तासातच पोट तडस लागल्यासारखे होत असेल, तर कारण बहुधा जठरात असते: जेवण जास्त झाले, घाईत झाले, घासाबरोबर हवा गिळली गेली किंवा तेल-नारळ जास्त होता. स्निग्ध पदार्थांमुळे जठर उशिरा रिकामे होते, त्यामुळे नारळाच्या दाट रसातली आमटी आणि वर तळलेली मासळी असा बेत पचायला जड जातो. दुधामुळे होणारा त्रास साधारणपणे अर्ध्या तासापासून दोन तासांत सुरू होतो. कडधान्यांचे मात्र वेगळे आहे. खाल्लेले अन्न मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला साधारण चार ते सहा तास लागतात, त्यामुळे दुपारी आंबोळीबरोबर खाल्लेल्या काळ्या वाटाण्याच्या सांबाराचा त्रास संध्याकाळी जाणवतो आणि दोष मात्र चहाबरोबरच्या बटराला दिला जातो. वेळ लिहून ठेवल्याशिवाय ही चूक लक्षात येत नाही.

दुसरी पायरी: घास चावून, सावकाश जेवावे

लाळेतले अमायलेझ भाताचे पिष्ट तोंडातच फोडू लागते आणि चावून बारीक झालेल्या अन्नावर जठरातल्या पेप्सिनला, म्हणजे प्रथिने फोडणाऱ्या विकराला, काम करणे सोपे जाते. जेवणाला वीस मिनिटे तरी द्यावीत. जेवताना सोडा किंवा शीतपेय घेऊ नये, कारण त्यातला वायू थेट पोटातच जातो.

तिसरी पायरी: कडधान्ये नीट भिजवावीत

कोकणात या पायरीला सर्वांत जास्त महत्त्व द्यावे असे मला वाटते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, पुढे श्रावण लागतो आणि त्यामागोमाग गणपती येतात. अनेक घरांत या दिवसांत ताज्या मासळीची जागा वाल, चवळी, काळा वाटाणा आणि कुळीथ घेतात. मासळीत पिष्ट आणि साखर जवळजवळ नसतेच, त्यामुळे तिच्यापासून आतड्यात असा वायू होत नाही. कडधान्यांत मात्र रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या फोडणारे अल्फा-गॅलॅक्टोसिडेझ हे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते. त्या न पचताच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्या आंबवून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेनही तयार करतात. म्हणजे उसळ खाऊन पोट फुगणे हे पचनशक्ती मंद झाल्याचे लक्षण नव्हे. धडधाकट माणसालाही हा त्रास होतो.

या शर्करा पाण्यात विरघळतात आणि मोड येताना बी त्या स्वतःसाठी वापरते. त्यामुळे आपल्याकडची डाळिंब्या करण्याची जुनी रीत अगदी योग्य आहे, फक्त तिच्यातली एकही कृती गाळू नये. वाल रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावेत. सकाळी त्या पाण्यावर पांढरट फेस आलेला दिसतो आणि उग्र वास येतो. ते पाणी निपटून टाकून वाल दोन-तीन पाण्यांनी धुवावेत. मग ते कापडात बांधून मोड येऊ द्यावेत. पावसाळी दमट हवेत बुळबुळीतपणा येऊ नये म्हणून मधे एकदा धुऊन पुन्हा बांधावेत. मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकले की बोटांच्या चिमटीत दाबताच साल सुटते आणि डाळिंबी बाहेर येते. सोललेल्या डाळिंब्या पुन्हा धुऊन नव्या पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवाव्यात. काळ्या वाटाण्यालाही दहा-बारा तास भिजवणे आणि ते पाणी टाकणे हाच नियम लावावा. रंगासाठी ते पाणी राखून ठेवू नये. कुळथाच्या पिठीत भिजवून पाणी टाकण्याची कृतीच नसल्यामुळे तिच्या शर्करा पिठातच राहतात, तेव्हा ज्यांना त्रास होतो त्यांनी ती पातळ करून थोडीच घ्यावी. ओल्या काजूगरांची उसळही याच कारणाने बेताने खावी. फणसाच्या आठळ्यांत ट्रिप्सिन या प्रथिने फोडणाऱ्या विकराला अडवणारा घटक असतो आणि तो उष्णतेने निष्प्रभ होतो, म्हणून आठळ्या आतपर्यंत शिजलेल्या असल्याची खात्री करावी.

कडधान्ये एकदम रोज वाट्या भरून खाऊ नयेत. अर्ध्या वाटीपासून सुरुवात करून हळूहळू वाढवली, तर आतड्यातल्या जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळ मिळतो. जोडीला तांदळाची भाकरी, घावन किंवा भात ठेवावा, कारण तांदळाचे पिष्ट लहान आतड्यातच जवळजवळ पूर्ण पचते आणि गव्हाच्या तुलनेत त्यापासून वायू कमी होतो. कांदा-लसणातल्या फ्रुक्टन या शर्कराही वायू करतात, पण त्या तेलात विरघळत नाहीत. म्हणून लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या तर स्वाद राहतो आणि त्रास टळतो.

चौथी पायरी: दूध थांबवून पाहावे

एक-दोन आठवडे दूध, खीर आणि बासुंदी बंद ठेवावी आणि वही पाहावी. वाढत्या वयात अनेकांच्या आतड्याच्या अस्तरावरचे लॅक्टेझ, म्हणजे दुधातली साखर फोडणारे विकर, कमी होते. अशांनाही दही-ताक बहुधा सोसते, कारण विरजणातल्या जिवाणूंनी दुधातली साखर काही प्रमाणात फोडलेली असते. सोलकढीत तर दूध नसतेच. फक्त तिच्यात कच्ची लसूण घालू नये.

पाचवी पायरी: आता गोळीचा विचार करावा

वहीत दुधाचे नाव आले असेल, तर लॅक्टेझची गोळी दुधाच्या पदार्थाच्या पहिल्या घोटाबरोबर घ्यावी. कडधान्याचे आले असेल, तर अल्फा-गॅलॅक्टोसिडेझ पहिल्या घासाबरोबर घ्यावे. जेवण झाल्यावर तासाभराने घेतलेल्या विकराला कामाला अन्न सापडत नाही. पाचक सिरपमध्ये बहुधा फंगल डायस्टेझ (बुरशीपासून मिळवलेले, पिष्ट फोडणारे विकर) आणि पेप्सिन असते. धडधाकट माणसाला त्यांची उणीव क्वचितच असते, कारण स्वादुपिंडाची विकरे सुमारे ९० टक्क्यांनी घटेपर्यंत चरबीचे पचन ढासळत नाही. शिवाय पेप्सिनला आम्ल लागते, त्यामुळे आम्लपित्ताच्या गोळीबरोबर घेतलेले पेप्सिन फारसे उपयोगी पडत नाही. पॅनक्रिएटिनच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या विकरांच्या, कॅप्सूल स्वादुपिंडाचा आजार असलेल्यांसाठी आहेत. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. जेवणानंतर पपईची फोड आवडीने खावी, पण पपेन हे प्रथिने फोडणारे विकर कच्च्या पपईच्या चिकात असते, पिकल्या फळात फारच थोडे उरते. गरोदर स्त्रियांनी कच्ची पपई टाळावी.

मधुमेहींनी आपल्या औषधांची नावे अवश्य पाहावीत. व्होग्लिबोज आणि अकार्बोज ही औषधे पिष्ट फोडणारी विकरे मुद्दाम अडवतात, त्यामुळे वायू होणे हा त्यांचा ठरलेला परिणाम आहे. मेटफॉर्मिननेही काहींना असा त्रास होतो. ही औषधे मनाने बंद करू नयेत, मात्र डॉक्टरांना त्रास सांगावा आणि त्यांच्या जोडीला पाचक विकरे विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पोट फुगलेलेच असेल तेव्हा

दहा-पंधरा मिनिटे शतपावली करावी. चालण्याने वायू पुढे सरकतो. ओवा आणि हिंग अनेकांना आराम देतात, ते थोड्या प्रमाणात घेण्यास हरकत नाही. फ्रूट सॉल्ट रोज घेऊ नये: खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल यांपासून पोटात आणखी वायूच तयार होतो आणि त्यातले सोडियम रक्तदाबाच्या रुग्णांना घातक ठरते. दुपारच्या उकाड्यात वामकुक्षी टाळता येत नसेल, तर निदान जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये आणि झोपावे ते डाव्या कुशीवर. शौचाला साफ होत नसेल तर आधी त्यावर उपाय करावा, नाहीतर वरच्या कोणत्याही पायरीचा पुरता उपयोग होत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

वजन आपोआप घटणे, शौचातून रक्त पडणे किंवा शौच डांबरासारखी काळी होणे, सतत उलट्या, गिळताना अडकणे, रक्तक्षय, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असल्यास दोन आठवडे वही लिहीत बसू नये, लगेच तपासून घ्यावे. स्त्रियांमध्ये पोट काही आठवडे जवळजवळ रोज फुगलेले राहत असेल आणि थोडेसे खाऊनही पोट भरत असेल, तर बीजांडकोशाची तपासणी करून घ्यावी. छातीत दाब, घाम, धाप किंवा डाव्या हातात वा जबड्यात कळ असेल, तर तो गॅस समजून ओवा चघळत थांबू नये. असा त्रास हृदयविकाराचाही असू शकतो आणि आपल्याकडच्या वाडीपासून मोठे रुग्णालय दूर असते, म्हणून त्याच क्षणी १०८ वर फोन करावा.