काजूची पर्णरंध्रे मोजताय? या चुका टाळा

‘अमुक जातीच्या पानावर पर्णरंध्रे दाट, तमुक जातीच्या पानावर विरळ, म्हणून दुसरी जात कोरड्या हवेत तग धरते.’ पर्णरंध्रं म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, ज्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. काजूवरच्या विद्यार्थी-प्रकल्पांत हे वाक्य मी कितीदा वाचलंय. कधी वेंगुर्ला-4 विरुद्ध वेंगुर्ला-7, कधी वेंगुर्ल्याची जात विरुद्ध गोव्याची. मोजणी बहुधा नीटच केलेली असते. चुकतं ते पान.

काजूच्या एकाच कलमावर उन्हातलं पान आणि आतल्या सावलीतलं पान सारखं नसतं. उन्हातलं पान जाड असतं आणि त्यावर पर्णरंध्रांची दाटीही सहसा जास्त असते. एका जातीचं पान शेंड्याकडून आणि दुसरीचं हाताला लागलं तिथून, बुंध्याजवळून तोडलं, की ऊन-सावलीतला फरक जातीच्या नावावर जमा होतो. म्हणून सगळ्या झाडांवर बाहेरच्या, उन्हातल्या फांद्याच घ्या. उंचीही शक्यतो सारखी ठेवा.

वयाची चूक याहून फसवी आहे. तांबूस कोवळ्या पालवीत पेशी अजून पसरायच्या असतात, त्यामुळे रंध्रं एकमेकांना खेटून दिसतात. पान वाढतं तशी ती दूर सरकतात. मोजायचं ते जून पान: पूर्ण हिरवं, चामड्यासारखं चिवट. आणि सगळ्या जातींची पानं एकाच तारखेला तोडली म्हणजे ती एका वयाची झाली असं समजू नका, कारण पावसानंतरची पालवी सगळ्या जातींना एकाच आठवड्यात फुटत नाही. फुटताना फांदीला धागा बांधा आणि तारीख लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण यावाचून पुढची तुलना उभीच राहत नाही.

पान त्या जातीचं आहे ना?

काजूचं कलम मृदुकाष्ठ पद्धतीने, म्हणजे कोवळ्या खोडावर काडी जोडून बांधतात. वरची काडी निवडलेल्या जातीची असते, खालचा खुंट बियांपासून वाढवलेल्या रोपाचा. सांध्याच्या खालून आलेला फुटवा हा त्या खुंटाचा. लक्ष नसलेल्या बागेत असे फुटवे चांगले वाढलेले असतात आणि पान तोडायला तेच सोयीचे पडतात. त्या पानावरची मोजणी कुठल्याच जातीची नसते. बियांपासून वाढलेल्या जुन्या झाडांचंही तेच. काजूत परपरागण होतं, म्हणजे एका झाडाचे परागकण दुसऱ्या झाडाच्या फुलावर जातात, त्यामुळे अशी दोन शेजारची झाडंसुद्धा एकसारखी धरता येत नाहीत.

ठसा नेहमी पानाच्या खालच्या बाजूचा घ्या. काजूची रंध्रं मुख्यतः तिथेच असतात. मधली शीर आणि कडा टाळून पानाच्या मध्यभागी पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग चिकटपट्टीने उचला. आधी पान ओल्या कापसाने पुसून कोरडं करा. रस्त्याकडेच्या बागेतली जांभ्याची तांबडी धूळ किंवा फवारणीचा डाग ठशात उतरला, तर रंध्रं ओळखूच येत नाहीत.

आता हिशोब. दर चौरस मिलिमीटरला किती रंध्रं (म्हणजे घनता), हे काढताना सूक्ष्मदर्शकातून ठसा पाहताना दिसणाऱ्या वर्तुळाचा, म्हणजे दृष्टिक्षेत्राचा, व्यास लागतो. नेत्रभिंगावर क्षेत्रांक (त्याच्या दृष्टिक्षेत्राचा मिमीमधला आकडा) 18 असेल आणि वस्तुभिंग 40 पट असेल, तर व्यास 18 भागिले 40, म्हणजे 0.45 मिमी. इथे पुष्कळ जण नेत्रभिंगाचे 10 पट धरून येणाऱ्या एकूण वर्धनाने, म्हणजे 400 ने भागतात आणि घनता शंभर पट फुगते. 0.45 मिमी व्यासाचं क्षेत्रफळ सुमारे 0.159 चौरस मिमी. त्यात 40 रंध्रं दिसली तर घनता सुमारे 252.

नुसत्या घनतेवर थांबू नका. वनस्पतिशास्त्रज्ञ सॅलिसबरी यांनी 1927 साली मांडलेला पर्णरंध्र निर्देशांकही काढा: रंध्रांची संख्या भागिले रंध्रं आणि अपित्वचेच्या (पानाच्या बाहेरच्या पातळ थराच्या) इतर पेशी यांची बेरीज, गुणिले 100. पेशी ताणल्या की घनता उतरते, पण हे गुणोत्तर त्यामानाने स्थिर राहतं. दोन जातींची घनता वेगळी आणि निर्देशांक सारखा आला, तर फरक बहुधा पेशींच्या आकाराचा आहे.

एका पानावर 50 ठिकाणी मोजलं म्हणजे 50 नमुने झाले नाहीत. तो एका झाडाच्या एका पानाचा अंदाज झाला. प्रत्येक जातीची वेगवेगळी झाडं घ्या, आणि ती एकाच बागेतली, एकाच मातीतली असू द्या. एक जात कातळावर आणि दुसरी ओलाव्याच्या सखल जागी असेल, तर तुम्ही जमीनच मोजताय.

राहिला पाण्याचा मुद्दा. रंध्रं संख्येने जास्त पण लहान असू शकतात, कमी पण मोठी असू शकतात, आणि ती किती वेळ उघडी राहतात हे वाळलेला ठसा सांगत नाही. रक्षक पेशींची, म्हणजे रंध्राच्या दोन्ही बाजूंना असलेल्या आणि ते उघडमिट करणाऱ्या पेशींची, लांबी निदान मोजून ठेवा. पान प्रत्यक्ष किती पाणी सोडतं हे हवं असेल, तर झाडावरच्या जिवंत पानाला पोरोमीटर (रंध्रांतून वाफ किती सहज बाहेर पडते ते मोजणारं यंत्र) लावा, आणि सगळ्या जातींना दिवसाच्या एकाच वेळी.