इंजीन सारखं तापतंय? आधी ते कधी तापतं ते पाहा

तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की पाणी ओतायचं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारा वाल्व्ह) बदलला जातो, मग वॉटर पंप, मग रेडिएटर, आणि दोष जागच्या जागी राहतो. भाग बदलण्याआधी गाडी नेमकी कोणत्या वेळी तापते ते टिपून ठेवा. निम्मं निदान तिथेच होतं.

ट्रॅफिकमध्ये किंवा उभ्या गाडीत काटा वर चढतो आणि गाडी पळायला लागली की खाली येतो, तर संशय फॅनवर. उलट संथ चालताना ठीक, पण वेगात किंवा चढावर तापत असेल तर रेडिएटर तुंबलाय किंवा कूलंट (इंजीन थंड ठेवणारा द्रव) पुरेसं फिरत नाही. थंड इंजीन सुरू करून पाच-दहा मिनिटांतच काटा वर गेला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असतो, कूलंट कमी असतं, आत हवा अडकलेली असते किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलेलं असतं.

तपासणी पूर्ण थंड इंजिनावरच करायची. गरम इंजिनाची रेडिएटर कॅप कधीही उघडू नका. कूलिंगची यंत्रणा साधारण 1 बार दाबाखाली चालते. या दाबात अर्धं कूलंट आणि अर्धं पाणी हे मिश्रण 125 अंशांच्या पुढे उकळतं, मोकळ्या हवेत मात्र 108 अंशांच्या आसपास. कॅप सैल होताच दाब जातो, आतलं पाणी एकदम उकळून उसळतं आणि हात-तोंड भाजतं. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाईप) हाताला थंड लागेपर्यंत थांबा.

आता पातळी पाहा. कूलंटच्या प्लॅस्टिक टाकीत कूलंट दिसतंय म्हणून रेडिएटरही भरलेला असेल असं धरून चालू नका. कॅप रेडिएटरवर असेल तर ती उघडून आत बघा. तिचं रबर कडक झालं असेल किंवा स्प्रिंग ढिली पडली असेल तर दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर जातं. कॅपवर लिहिलेल्या दाबाचीच नवी कॅप लावा. एवढ्या स्वस्त भागामुळे गाडी तापू शकते हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

पातळी वारंवार घटत असेल तर गळती शोधायची. प्रेशर टेस्टरने कॅपवरच्या आकड्याएवढा दाब द्या, त्याहून जास्त नको, आणि पंधरा मिनिटं टेस्टरचा काटा पाहत राहा. दाब उतरला तर होजचे क्लॅम्प, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा सांधा, हीटरचे पाईप आणि वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र तपासा. पंपाचं सील गेलं की त्या छिद्रातून थेंब येतात आणि वाळल्यावर रंगीत डाग राहतो. पायाखालचा गालिचा ओलसर असेल आणि काचेवर गोडसर वासाचं धुकं धरत असेल तर हीटर कोर (हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय.

फॅन तपासणं सोपं आहे. इंजीन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज पाहा, रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा स्विच) बदलून पाहा, मग मोटरला थेट 12 व्होल्ट द्या. थेट वीज देऊन फिरला तर मोटर चांगली आहे, दोष वायरिंगमध्ये, रिलेमध्ये किंवा तापमानाच्या सेन्सरमध्ये. फॅन फिरतो पण हळू, हेही नोंदवा. झिजलेल्या मोटरचं ते लक्षण आहे. हात पात्यांपासून लांब ठेवा, इंजीन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होऊ शकतो.

थर्मोस्टॅटसाठी रेडिएटरचे वरचा आणि खालचा असे दोन्ही होज हाताने चाचपडा. इंजीन तापलं, एक होज चटका देणारा आणि दुसरा थंडगार, तर थर्मोस्टॅट उघडत नाही. खात्री करायची असेल तर काढून पाण्यात लटकवा, थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. त्यावर लिहिलेल्या अंशाला, बहुतेक 82 ते 92 च्या दरम्यान, तो उघडायला लागला पाहिजे. थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा हा उपाय करू नका. इंजीन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन जास्त जातं आणि खरा दोष झाकला जातो.

रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसला तरी एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ-किडे दाटलेले असतात. इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने फिन्स (पातळ पत्र्या) वाकतात. आतून तुंबलेला रेडिएटर इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतो: गरम पृष्ठभागावर मधेच थंड पट्टे लागतात, तिथल्या नळ्या बंद. नळाचं जड पाणी ओतल्याने क्षार साचतात आणि वेगवेगळ्या प्रकारची कूलंट मिसळल्याने कधी जेलीसारखा गाळ होतो. वेगात तापणाऱ्या गाडीत रेस करून खालचा होज पाहा. तो आत चिमटत असेल तर बदला.

कूलंट बदलल्यानंतर गाडी तापू लागली असेल तर हवा अडकली आहे. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत सैल ठेवून भरा. गाडी तापलेली असताना हीटरमधून थंड वारा येणं हे कमी कूलंटचं किंवा हवेचं लक्षण. सेन्सर कूलंटऐवजी वाफेत राहिला तर काटा चुकून खालीही दाखवतो, म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नका.

हेड गॅस्केटची शंका कधी घ्यावी? थंड इंजीन सुरू करताच होज दगडासारखा घट्ट होतो, टाकीत अखंड बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नाही, आणि गळती कुठेच नसताना कूलंट घटतं. ऑइलच्या झाकणाखालची थोडी फिकट साय एकट्याने काही सिद्ध करत नाही. छोट्या फेऱ्यांमुळे आतल्या दमटपणानेही ती धरते. खात्रीची परीक्षा म्हणजे टाकीच्या तोंडाशी धरायचा निळा द्रव: ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये आला असेल तर तो पिवळा होतो. गॅस्केट बदलताना हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सपाटपणा मोजून घ्या. हेड वाकलेलं असेल तर नवं गॅस्केटही टिकत नाही.

रस्त्यातच काटा चढला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, आणि सुरक्षित जागा मिळताच इंजीन बंद. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.