गाडीच्या आतला दिवा: वायरिंग शिकायला इथून सुरुवात करा

आयटीआय करून गॅरेजमध्ये येणाऱ्या पोरांच्या हाती मी आधी छताचा दिवा देतो. सर्किट एवढंसं, पण घरच्या वायरिंगची सवय इथे उलटी पडते. घरी बटण फेज तोडतं. मारुती ८०० सारख्या जुन्या, साध्या गाडीत दिव्याला प्लस फ्यूजमधून कायम आलेला असतो, चावी काढली तरी. दाराचं बटण तोडतं ते अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी वाट.

दिव्याचा खटका ‘ऑन’वर असला की अर्थ थेट बॉडीला मिळतो. ‘डोअर’वर असला की तो दाराच्या बटणाकडून येतो. दार उघडलं, बटणाचं टोक बाहेर आलं, दिवा लागला. सगळ्या दारांची बटणं समांतर, म्हणून कुठलंही दार चालतं.

आता समजा, दिवा ‘ऑन’वर लागतो पण दार उघडल्यावर लागत नाही. मग बल्ब आणि फ्यूज उघडत बसू नका, बटणाकडे जा. एकच स्क्रू असतो. बटण काढताना वायर लगेच टेपने पत्र्याला चिकटवा, नाहीतर ती पिलरमध्ये, म्हणजे दाराच्या पोकळ खांबात गेली की अर्धा तास गेला! खटका ‘डोअर’वर ठेवून वायरचं टोक उघड्या पत्र्याला लावा. मध्ये बल्ब आहे, शॉर्ट होणार नाही. दिवा लागला तर वायरिंग ठणठणीत, दोष बटणाचा किंवा त्या स्क्रूचा. बटणाला अर्थ स्क्रूमधूनच मिळतो आणि कोकणातल्या गाड्यांत तो हमखास गंजतो. सँडपेपर मारला की बरेचदा काम होतं.

मल्टिमीटरवाले एका जागी हटकून गोंधळतात. मीटरची काळी वायर बॉडीला लावली की दार बंद असताना बल्बच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट दिसतात. करंटच वाहत नाही, तर व्होल्टेज पडणार कुठे? शिवाय गंजलेल्या सांध्यातूनही मीटर १२ दाखवतो. इथे टेस्ट लॅम्पच, म्हणजे टोचणी आणि वायर लावलेला छोटा बल्बच, खरं बोलतो, कारण तो करंट ओढून बघतो.

बटण अडकून राहिलं तर ५ वॅटचा बल्ब साधारण ०.४ अँपिअर ओढतो. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ऐंशी-पंचाऐंशी तास टिकते, पण स्टार्टर त्याच्या खूप आधी मान टाकतो.

नव्या गाड्यांत बटण फक्त बॉडी कंट्रोल मॉड्यूलला (दिवे, लॉक वगैरे सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सिग्नल देतं, दिवा मॉड्यूल लावतं. तिथे डायग्राम बघितल्याशिवाय टेस्ट लॅम्प कुठेही टोचू नका. अशाच गाड्यांत एलईडी टाकल्यावर दार बंद असूनही मंद उजेड राहतो अशी तक्रार येते. मॉड्यूलमधून झिरपणारा किरकोळ करंट साध्या बल्बला पेटवायला पुरत नाही, एलईडीला पुरतो. दिव्याला समांतर १ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावला की तो उजेड बहुतेक वेळा जातो.