अर्धवट सोडलेल्या लाँग ट्रेलवर परत जाताय? जुना किलोमीटरचा आकडा विसरा

लाँग ट्रेल म्हणजे अनेक आठवडे किंवा महिने चालायची लांब पायवाट. ब्रेक दोन महिन्यांचा असो की दोन वर्षांचा, तिच्यावर परत जाणारे बरेच जण एकच चूक करतात. सोडताना दिवसाला किती चालत होतो तो आकडा डोक्यात धरून निघतात. मी पण हेच केलं होतं. आधी 30 किमी आरामात व्हायचे म्हणून तीन महिन्यांनी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी 28 चाललो, दम लागला नाही, भारी वाटलं, आणि चौथ्या दिवशी सकाळी नडगीत अशी कळ यायला लागली की उतारावर पाय टाकवेना. मग आठ दिवस परत बसून काढावे लागले.

असं का होतं तर दम आणि स्नायू लवकर परत येतात पण टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं हळूहळू तयार होतात, त्यामुळे छाती म्हणते चल आणि पाय अजून तयारच नसतात. म्हणून ब्रेक महिन्याच्या वर असेल तर पहिला आठवडा जुन्या अंतराच्या निम्म्यावर राहा, चौथ्या दिवशी बरं वाटत असलं तरी सुट्टी घ्या, आणि मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं वाढवा. सुरुवातीचा टप्पा असा निवडा जिथे रसद लवकर मिळते आणि मध्ये रस्ता ट्रेलला येऊन मिळतो. त्याने दोन फायदे होतात, सॅक हलकी राहते आणि काही झालं तर बाहेर पडता येतं.

निघायच्या चार-सहा आठवडे आधी भरलेली सॅक घेऊन चालायला लागा. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव महत्त्वाचा आहे हे लक्षात ठेवा, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात आणि खरा मार तिथे बसतो. टेकडी नसेल तर जिने उतरा. ट्रेकिंग पोल वापरत असाल तर तेही आत्ताच हातात घ्या.

बुटांबद्दल थोडं जास्त लिहितो. जुने बूट वरून चांगले दिसतात म्हणून तेच घालून निघू नका, आतला फोम दबलेला असतो, ट्रेल रनर म्हणजे पायवाटेवर धावायचे हलके बूट साधारण 500 ते 800 किमीमध्ये संपतात. खूप चालल्यावर पाय थोडा लांब-रुंद होतो, तेव्हा माप नव्याने घ्या आणि ते संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घ्या. ब्रेकमध्ये घट्टे गेलेले असतात, त्यामुळे कातडी नवखी झालेली असते. कुठे गरम लागतंय, घासतंय असं वाटलं की त्याच क्षणी थांबून टेप लावा, पुढच्या वळणावर लावतो म्हणालात की फोड आलाच!

दुखणं ओळखायला शिका. दोन्ही पाय सारखेच भरून आले आणि थोडं चालल्यावर मोकळे झाले तर ते स्नायूंचं, चालू द्या. पण हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखतेय, चालल्यावर वाढतेय, रात्री पडल्यावरही ठणकतेय तर थांबा आणि डॉक्टरकडे जा, हाडाला बारीक तडा असू शकतो.

उंचीची सवय पण दोन-चार आठवड्यांत जाते. 3000 मीटरच्या वर रोजची झोपायची जागा आधीच्या रात्रीपेक्षा 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांती घ्या, मागच्या वेळी काही झालं नव्हतं हा पुरावा धरू नका.

सामानात तंबू एक रात्र बाहेर लावून बघा, ठेवून ठेवून आतलं कोटिंग चिकट होतं. पाण्याचा पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरल्यावर गोठला असेल तर सरळ नवीन घ्या, तो आतून फाटलेला बाहेरून कळत नाही. हेडलँपचे सेल बदला.

आता कुठून सुरू करायचं? सोडलं तिथूनच असा हट्ट नको, आधी मोसम बघा. अमेरिकेच्या पूर्वेकडचा ॲपलाचियन ट्रेल साधारण 3500 किमीचा आहे आणि त्याचं उत्तर टोक म्हणजे कटाडिन शिखर, तिथल्या पार्कातलं कॅम्पिंग ऑक्टोबरच्या मध्यावर बंद होतं, म्हणून उशीर झालेले लोक आधी उत्तरेला जाऊन उलटे दक्षिणेकडे चालत येतात आणि राहिलेला तुकडा भरून काढतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर सिएरा पर्वतरांगेतल्या बर्फामुळे असंच पुढे-मागे करावं लागतं. परमिट मात्र नीट वाचा, काही परमिट सलग चालण्यासाठीच असतात आणि मध्ये बाहेर राहिलात तर नवीन काढावं लागतं. वणव्यामुळे बंद असलेले टप्पे आणि पाण्याचे साठे निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा, जुन्या नोंदींवर जाऊ नका.

आणि एक, सोबतचे लोक पुढे गेलेले असतात, पहिल्या तीन-चार संध्याकाळी फार एकटं वाटतं. दुखापत नसेल तर दहा दिवस व्हायच्या आत सोडायचा निर्णय घ्यायचा नाही असं घरूनच ठरवून निघा, आणि तो घेतलाच तर पोटभर जेवून, झोप काढून, सकाळी घ्या.